कोठ्यांच्या गावापुढचं शून्य

अण्णा,

आमच्या काउंटीच्या लायब्ररीतल्या बाईंना ती यादी नव्यानं करून हवी आहे. जुनीच्या फोटोकॉपी काढून काढून ती इतकी पुसट झाली की माझेच आकडे मला वाचता येत नाहीत. शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरलाय, शेजारी तुम्ही दिलेली कंपासपेटी उघडी आहे, आणि पाचपैकी चार गावं लिहून झाली आहेत. पाचव्या गावापुढं काय लिहायचं ते ठरत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा हे विचारणं म्हणजे नुसता बहाणाच आहे, कारण तुमचं उत्तर मला ठाऊक आहे.

यादी कसली ते आधी सांगतो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, फक्त माणसं कमी आणि मका जास्त. ताई-भावजी राहतात त्या नोव्हाय शहरापासून गाडीनं चार तास. त्यांच्याच आधारानं मी या देशात आलो, तिथल्याच मोटारींच्या कारखान्यात लागलो, आणि मंदीत आम्हाला घरी बसवलं तेव्हा इकडे आलो. डिग्री नाही, पण बॉयलरचं काम पुस्तकं वाचून स्वतः शिकलो आणि इथली लायसन्सची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालो. आता या काउंटीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या इमारतीच्या तळघरात मी जाऊन आलोय. शाळा, कोर्ट, हॉस्पिटल, दोन्ही चर्चं. डॉक्टर मंडळींना वरचे मजले माहीत आहेत, मला खालचे.

तर या काउंटीत लिहिण्याजोगी गावं पाच. मुख्य गावात हॉस्पिटल, म्हणून तिथं आपली अकरा घरं, बहुतेक डॉक्टरांची, सगळी टेकडीच्या एकाच उतारावर. त्यांत मराठी चार. कॉलेजच्या गावात चार घरं, प्राध्यापक, आणि चौघांच्या चार भाषा. पंपाच्या कारखान्याच्या गावात तीन इंजिनिअर. हायवेला लागून जे गाव आहे तिथं दोन मोटेलं, दोन्ही गुजराती कुटुंबांची, आणि ती कुटुंबं ऑफिसच्या मागच्या दोन-दोन खोल्यांत राहतात. टेकडीवरचं घर आणि मोटेलच्या मागची खोली यांत नऊ मैलांचं अंतर आहे, मी मीटर बघून मोजलंय, पण मी इथं आल्यापासूनच्या सहा वर्षांत एकानं दुसऱ्याचं घर आतून पाहिलं नव्हतं. पाचवं गाव धान्याच्या उंच कोठ्यांचं. रेल्वेचा फाटा, एक खानावळ, एक चर्च, म्हाताऱ्यांना ठेवतात तसलं एक नर्सिंग होम, आणि दोन मैलांवरून दिसणाऱ्या सिमेंटच्या सात गोल कोठ्या. त्या गावापुढं मी माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, शून्य. कुणी नाही.

झालं असं की दिवाळीला हॉल कुठं घ्यायचा यावर टेकडीवरच्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी वाद चालला होता. सगळ्यांनाच सारखं ड्राइव्ह पडावं असं ठिकाण पाहिजे होतं. तेव्हा डॉक्टरीणवहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही सगळ्यांची तळघरं बघितलेली. कोण कुठं राहतं ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?" डॉक्टर हातातला ग्लास उंचावून म्हणाले, "आमचे सर्व्हेअर जनरल! मोजा यार, बायकामुलांसकट मोजा!" सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते काम मिळाल्यासारखं वाटलं. तेव्हा मनात तुम्हीच होतात. मी नुसती यादी नाही केली. नकाशा काढला, एका इंचाला दोन मैल, रस्ते काळ्या शाईनं, घरांचे ठिपके तांबड्या. कोणत्या घरात कोणती भाषा, फोन नंबर काय, सगळं. हॉल ठरला, दिवाळी झाली, पण मला एवढी मेहनत दिवाळीपुरती ठेवायची नव्हती. मीच एक प्रत हॉस्पिटलात दिली आणि एक लायब्ररीत. म्हटलं, कुणाची आई देशातून आलेली असेल, पोरं कामावर गेलेली असतील, म्हातारीला इंग्रजी येत नसेल आणि ती कुठं पडली-झडली, तर इथल्या माणसांना कळायला हवं की कुणाला बोलवायचं. ही कल्पना माझी एकट्याची होती. तिचा मला फार अभिमान वाटला.

घरं शोधली ती फोनबुकातून. इथं आलेला मराठी माणूस नव्या गावात पोचला की मोटेलात बॅग टाकतो आणि ड्रॉवरमधलं फोनबूक काढून जोशी, पाटील, कुलकर्णी शोधत बसतो. सापडला की फोन लावायचा, "मराठी का?" एवढंच विचारायचं, आणि संध्याकाळी त्या घरी वरणभात. मी त्याहून नेटानं केलं. ओळीखाली पट्टी धरून आख्ख्या काउंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नऊ संध्याकाळी गेल्या. कोठ्यांच्या गावात आपला एक माणूस होता, अण्णा. त्याचं नाव मला त्या पुस्तकात दिसलं नाही. म्हणून तो राहिला.

तुम्ही खानेसुमारीला मला बरोबर घेतलंत ते वर्ष आठवतंय का? मी दुसऱ्यांदा मॅट्रिक नापास होऊन घरी बसलो होतो. मास्तरांचा मुलगा नापास, म्हणून मी तोंड लपवून परसातल्या वाटेनं ये-जा करायचो. पहिल्यांदा नापास झालो त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. दुसऱ्यांदा झालो त्या दिवशी तालुक्याला गेलात आणि ही कंपासपेटी घेऊन आलात. आई म्हणाली, "नापास झालेल्याला बक्षीस?" तुम्ही म्हणालात, "बक्षीस नाही. रेघ तरी सरळ मारेल." मग सरकारी वह्या आल्या, आणि तुम्ही म्हणालात, चल, अक्षर बरं आहे तुझं. तुम्ही दाराच्या चौकटीवर गेरूनं घराचा आकडा घालायचात आणि मी मागं उभा राहून लिहायचो. नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का. प्रत्येक दारात तुम्ही तीच वाक्यं म्हणायचात, आणि प्रत्येक दारात पहिल्यांदाच म्हणतोय अशी.

ऊन चढल्यावर तुम्ही मला ओढ्यापलीकडच्या तीन घरांवर पाठवलंत. दोन केली. तिसरं लांब होतं, चढावर. अलीकडूनच मला दारावर बाहेरून लावलेली कडी दिसली. मी वहीत लिहिलं, घर बंद, कुणी नाही.

"कडी वाजवलीस?" तुम्ही विचारलंत.

"लांबनंच दिसली की. बाहेरून लावलीय."

तुम्ही टोपी सारखी केलीत आणि चालायला लागलात. जेवण राहिलं होतं. ओढा ओलांडून तो चढ चढलात, मी मागोमाग. कडी काढलीत. आत काळोखात एक म्हातारी गोधडीवर पडलेली होती. पोरगा कामाला जाताना शेळ्या शिरू नयेत म्हणून बाहेरून कडी घालून जायचा.

"कोण हाय?" ती म्हणाली.

"शाळेतला मास्तर. नाव सांगा, आजी, तुमचं."

ती हसायलाच लागली. "मला कशाला मोजताय गुर्जी? मी आता सरलेच की."

"सरेपर्यंत मोजायचं असतं," तुम्ही म्हणालात, आणि जमिनीवर बसून तिला सगळे रकाने विचारलेत. लिहिता येतं का, तेसुद्धा. तिनं फार वेळानं विचारलं, "लिव्हलं का माझं नाव? दाव बरं." तिला दिसत नव्हतं. तरी तुम्ही वही तिच्या तोंडासमोर धरलीत. परत येताना ओढ्यात पाय धुताना तुम्ही एवढंच म्हणालात, "लांबून पाहून लिहायचं होतं तर मी शाळेच्या ओट्यावर बसूनच लिहिलं असतं."  मला वाटायचं, तो धडा माझ्या हाडात बसला.

आता कोठ्यांच्या गावाचं सांगतो. या जानेवारीत तिथल्या नर्सिंग होममधून कॉल आला, अर्ध्या खोल्या गार पडल्या म्हणून. बॉयलर ठीक होता, रेडिएटरांत हवा साचली होती. ती प्रत्येक खोलीत जाऊन चावीनं काढावी लागते. मी शेवटच्या खोलीत गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह फिरवतोय, पाणी थेंबथेंब येतंय, आणि मागून आवाज आला, "अहो, ती खिडकी लावा जरा. गार लागतंय."

"लावतो," मी म्हणालो. उठलो, खिडकी लावली, परत येऊन चावी हातात घेतली. आणि तेव्हा कळलं.

मी वळून बघितलं. खुर्चीत एक म्हातारा, रंगानं आपल्यासारखा, तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं, मांडीवर चौकड्यांची घोंगडी. तोही माझ्याकडं बघत होता. आम्ही दोघंही घाबरलो असू, दुसरा शब्द नाही सुचत.

"कुणाचे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं. तुमचं नाव सांगितलं. शाळामास्तर होते म्हणालो.

"मी नगरचा," ते म्हणाले. "मिशनच्या बोर्डिंगातला." आणि त्यांनी उजवा हात पुढं केला तो मी दोन्ही हातांत धरला. माझ्या हाताला बॉयलरचा काळा राप होता.

दारात तिथली मदतनीस बाई उभी होती. "तुम्हाला त्यांचं कळतं?" ती म्हणाली. "हे बोलणं आहे?" तिनं सांगितलं ते असं. हे गृहस्थ शिकायला म्हणून या देशात आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. इथल्याच बाईशी लग्न केलं, इथल्याच कोठ्यांवर धान्याच्या वजनकाट्याचं काम केलं. बायको वारली, मूलबाळ नाही. गेल्या मार्चमध्ये मेंदूत रक्त साचलं आणि शुद्धीवर आले तेव्हा इंग्रजी गेलेलं होतं. पूर्ण. उरलं ते हे. पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही इंग्रजी वळणाची, त्यामुळं नव्या नोकरांना ते कुठले हेही माहीत नाही. "डॉक्टर म्हणाले, अर्थ नसलेली बडबड आहे, असं होतं. मला नव्हतं पटत. बडबड करणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही. मी लायब्ररीत फोन करून विचारलं सुद्धा. त्यांनी एक यादी पाठवली. पण त्यात आमच्या गावापुढं शून्य, तेव्हा वाटलं यांची भाषा त्यातली नसणार, म्हणून मग राहिलं."

यादी बाहेर नर्सांच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावलेली होती. पुसट होती, पण अक्षर माझं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. दहा महिने, अण्णा. दहा महिने तो माणूस पाणी द्या, दिवा घालवा, पाठ दुखतेय म्हणत होता, आणि भिंतीवर मी लिहून ठेवलं होतं की इथं कुणी नाही.

मी अर्धा तास बसलो. ते भराभर बोलत होते, मधेच अडत होते, शब्द सापडला की हसत होते. भिस्तबाग, बोर्डिंगची घंटा, भूक. बायकोचं नाव त्यांनी तीनदा घेतलं, आणि तिला मराठी एक अक्षर येत नव्हतं हे सांगताना त्यांना फार मौज वाटली. "भांडण झालं की मी मराठीत भांडायचो," ते म्हणाले. "सोय व्हायची." निघताना मी विचारलं, काही आणू का? ते म्हणाले, "बाजरीची भाकरी. आणि शेंगोळे." आणि मग, जणू फारच मागितलं असं वाटून, "नसलं तर राहू द्या. नुसते या."

नुसते या, म्हणाले होते. मी नुसता गेलो नाही. घरी ज्वारीचं पीठ होतं, हिनं लगेच थापते म्हटलं. "अहो, त्यांना काय कळणारंय? गरम भाकरी असली की झालं." मी म्हणालो, माणसानं बाजरी मागितलीय. शेंगोळ्यांना हुलग्याचं पीठच पाहिजे. ताईला नोव्हायला फोन केला, तिनं तिथल्या दुकानात सांगितलं, हुलगे यायला आठवडा गेला, मग बर्फात रस्ता बंद. माझी सगळी हयात ही अशी काटेकोरपणात गेली, आणि माझ्या कामाची तारीफ लोक त्यासाठीच करतात. सतराव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. भाकऱ्या फडक्यात बांधल्या होत्या, गाडीत माझ्या मांडीवर, गरम राहाव्यात म्हणून.

खोलीत दुसरी कुणी बाई होती, गोरी, झोपलेली. रेडिएटर चांगला तापला होता.

मदतनीस बाई मला कोपऱ्यात घेऊन गेली. "तुम्ही गेलात त्या दिवसापासून ते स्वतः खिडकी उघडायला लागले," ती म्हणाली. "खुर्ची सरकवत जायचे, उघडायचे, आणि जो कुणी आत येईल त्याला तेच वाक्य म्हणायचे. त्या दिवशी तुम्हाला म्हणाले होते ते. मला, डॉक्टरांना, फरशी पुसणाऱ्याला. आम्ही बंद करायचो. ते आमच्या तोंडाकडं बघायचे आणि परत उघडायचे." तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते पोचलेच नाहीत. छातीत कफ झाला, तीन दिवसांत आटपलं. चर्चच्या मागं बायकोशेजारी पुरलं. डबा मी तिलाच दिला. तिनं शेंगोळा चाखून बघितला आणि डोळे पुसले, ते तिखटानं की कशानं ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर टेकडीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही काय करणार? नावावरून कसं कळणार? फोनबुकातनं राहून जातं यार एखादं." हिनंही तेच म्हटलं. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, ती मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच देते. तिनं नकाशा बघून विचारलं, "बाबा, डिड यू नॉक?" मी तिला म्हणालो, अभ्यास कर.

आता वरचं एक वाक्य दुरुस्त करायला हवं. खोडून टाकलं असतं, पण खोडलेला कागद तुम्हाला खपत नसे. मी वर लिहिलंय की त्यांचं नाव मला फोनबुकात दिसलं नाही. दिसलं होतं. यादी करत होतो तेव्हा मोटेलवाल्या भाईंनीच मला सांगितलं होतं, "एक बुढ्ढा है उधर, कोठीवाले गाव में. आपका मराठीवाला. नाम इसाई है, पण नगर साइडचा आहे." नावही सांगितलं होतं. मी त्या दिवशी पुस्तक उघडून ते शोधलं, नंबरावर पट्टी ठेवली. फोन लावला नाही. पुढच्या आठवड्यात कामावरून येताना गाडी त्यांच्या रस्त्यानं घातली, तीही थांबवली नाही, हळू केली. पडदे लावलेले होते, दारासमोरची गळलेली पानं झाडलेली नव्हती. मला वाटलं, हा दिवाळीला कशाला येतोय? आरतीला उभा राहणार का? ह्याला धरून हॉलचं अंतर मोजायचं तर सगळ्यांनाच आठ मैल जास्त पडतील. घरी येऊन मी शाईत टाक बुडवला आणि शून्य काढलं. गोल फार छान आलं होतं, कंपासनं काढल्यासारखं.

तुम्ही त्या चढावर मला बरोबर घेऊन गेलात, कडी काढून दाखवलीत, तरी मी तोच राहिलो. या वयात आता काही व्हायचं नाही. यादीच्या चार ओळी पूर्ण आहेत, कारखान्याच्या गावात एक घर वाढलंय, कॉलेजच्या गावात एक कमी झालंय. पाचव्या ओळीवर मी आत्ता पुन्हा शून्य लिहिलं. आता ते बरोबर आहे. हे पत्र घडी करून कंपासपेटीत घालतोय, पट्टीखाली. फोनबुकात त्या माणसाचं नाव कुठल्या पानावर होतं ते मला अजून पाठ आहे, अण्णा, पण ते इथं लिहायला हात होत नाही.